म्हशींमागचा बुटका मोसू

मित्रांनो, मी एक म्हातारा कुत्रा आहे. पण कुत्रा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जो उभा राहील, तो मी नव्हे. माझे तोंड कोल्ह्यासारखे निमुळते, कान मोठे आणि उभे, अंग लांबोडके आणि पाय इतके आखूड की पावसाळ्यात पोट चिखलाला लागते. रंग तांबूस, छाती आणि पंजे पांढरे. शेपूट जवळजवळ नाहीच. त्यामुळे आनंद झाला की मला पाठीमागचे सगळे अंगच हलवावे लागते. हल्ली तेही फारसे हलत नाही.

माझी जात इथली नाही. समुद्रापलीकडे, इंग्रजांच्या मुलखाला लागून वेल्स नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तिथले शेतकरी गुरे हाकायला माझ्यासारखे बुटके कुत्रे पाळतात. त्यांच्या भाषेत आमचे नाव कोर्गी, आणि त्याचा अर्थ बुटका कुत्रा, असे माझे साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. एवढाल्या गुरांमागे एवढासा कुत्रा कशाला, असे तुम्हाला वाटेल. दिघीच्या वरच्या डोंगरातल्या धनगरवाडीलाही तसेच वाटले होते.

माझ्या साहेबांना खाडीची खोली मोजण्याच्या कामावर दिघीला धाडले होते. येताना ते मला आगबोटीतून बरोबर घेऊन आले. तेव्हा मी पिल्लू होतो आणि जन्मात एकही गाय हाकली नव्हती. पण आमच्या जातीला ते शिकवावे लागत नाही. बंगल्यावर हाकण्याजोगे दुसरे काही नव्हते, म्हणून मी कोंबड्यांना एका कोपऱ्यात गोळा करी. त्या पांगल्या की पुन्हा गोळा करी. साहेबांचा पट्टेवाला चंदर त्याला फार वैतागे. कोंबड्यांनी अंडी घालायचे सोडून दिले होते.

बंगल्यावर दूध घालायला धर्मा येई. तो वाडीतला गवळी धनगर. एकदा त्याच्या पाठोपाठ त्याची एक म्हैस बंगल्याच्या आवारात शिरली आणि साहेबांच्या भाजीच्या वाफ्यात जाऊन उभी राहिली. धर्माने आरडाओरडा केला, काठी आपटली. म्हैस हलेना. मी मागून गेलो, तिच्या खुराच्या वर हलकेच दात लावला आणि लगेच जमिनीला चिकटून पडलो. तिने झाडलेली लाथ माझ्या कानांवरून गेली. मी पुन्हा दुसऱ्या पायाला दात लावला. म्हैस मुकाट्याने फाटकाबाहेर चालू लागली.

"अरं तिच्या!" धर्मा म्हणाला. "ह्यो कोल्हा हाय का कुत्रा?"

"कुत्रा हाय. साह्यबाच्या मुलखातला," चंदर म्हणाला.

"आन् ह्याचे पाय कुनी छाटले?"

"जलमताच तसा हाय."

धर्माने वाकून माझे पाय बघितले. मग हसून म्हणाला, "लाथ चुकवाया बुटका केलाय त्याला देवानं."

माझ्या जातीविषयी इतके नेमके त्यानंतर कोणी बोलले नाही.

पुढे साहेबांची बदली एडनला झाली. त्यांनी धर्माला धक्क्यावर बोलावून घेतले. साहेब बोलत होते आणि चंदर त्याचे मराठी करून सांगत होता. "साह्यब म्हंतात, ह्याला काम लागतं. काम नसलं की ह्यो खुळा होतो. तुज्याकडं म्हशी हायेत, तर तुज्याकडं ऱ्हाऊ दे. नाव मॉस हाय." साहेबांनी माझा कान खाजवला आणि ते आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात, म्हणजे लहान गलबतात, चढले. मला तेव्हा काय वाटले ते आठवत नाही. मी काठावर उभा होतो आणि मला भूक लागली होती, एवढेच आठवते.

मॉसचे मोसू वाडीत पोचायच्या आतच झाले.

वाडी म्हणजे उतारावरची काही घरे. कुडाच्या भिंती, वर गवत, एका बाजूला माणसे आणि एका बाजूला म्हशी. धर्माच्या घरात त्याची म्हातारी आई जनी होती आणि बायको ठमी होती. पोरबाळ नव्हते. थोरला भाऊ नामा शेजारच्या घरात राही.

ठमी म्हणजे बोलणारी बाई. ती म्हशींशी भांडे, चुलीशी भांडे, वाऱ्याशीसुद्धा भांडे, आणि भांडता भांडता मोठ्याने हसे. मला बघून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "अवो, हे काय आनलंव? ह्याला खायाला घालायचं, आन् ह्यानं काय करायचं?"

"बघ तर खरं," धर्मा म्हणाला.

तिने बघितले. पहिल्या काही दिवसांत तिला माझे दोषच जास्त दिसले असतील. मी येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकत असे. वाडीतली पोरे खेळता खेळता लांब गेली की त्यांच्या पोटऱ्यांना नाकाने ढोसून त्यांना अंगणात आणत असे. मिळेल तेवढे खात असे आणि न मिळालेले चोरत असे. उन्हाळ्यात माझे केस घरभर उडत आणि भाकरीत सापडत. पण संध्याकाळी डोंगरावरून म्हशी खाली आणायच्या वेळी धर्माला आता काठी लागत नसे. मी मागून या कडेला, त्या कडेला पळे आणि कळप वाटेला लागे. विलायतेच्या गाई मागे लाथ झाडतात म्हणे. इथल्या म्हशी बाजूला झाडतात. हे मला दोनदा मार खाऊन कळले. उन्हाचा कहर झाला की मी म्हशींबरोबर डबक्यात जाऊन लोळे. म्हशी मला आपल्यातलेच एखादे वाईट घडलेले रेडकू समजत असाव्यात.

मला नीट ओळखले ते ठमीने. तिच्या लक्षात आले की कळप पुरा आला की मी उंबऱ्याशी हनुवटी पंजावर टेकून पडतो. एखादे जनावर कमी असले की मी बसतच नाही. एकदा पावसाळ्यात धर्मा जेवायला बसला होता आणि मी दारात उभा होतो. ठमीने भाकरी थापता थापता माझ्याकडे बघितले.

"अवो, उठा. एक कमी हाय."

"मी बघूनच दावी बांधली."

"तुमी बघितलं आसंल. मोसू बसलेला न्हाय."

आम्ही तिघे खाली खाडीच्या चिखलात गेलो. तिथे एक रेडकू पोटापर्यंत रुतले होते. भरतीचे पाणी त्याच्या मानेला लागले होते. धर्माने आणि ठमीने त्याला ओढून काढले. त्यानंतर ठमी रोज माझ्याकडे बघूनच दार लावी. मला वाडीत बुटक्या म्हणून चिडवलेले तिला खपत नसे.

ते दिवस चांगले होते. त्यांच्याविषयी जास्त सांगण्यासारखे काही नाही, कारण ते एकासारखे एक होते.

मग बुळकांडी आली. गुरांचा तो रोग तळा गावाकडून आला म्हणत, माणगावच्या बाजाराकडून आला म्हणत. कुठून आला ते शेवटपर्यंत कोणाला कळले नाही. आधी म्हशीच्या डोळ्यांतून पाणी गळे. मग तोंडात फोड येत, खाणे सुटे, मागून पाणी जाई, आणि ती बसली की पुन्हा उठत नसे. म्हैस उठत नाही म्हटल्यावर मी माझे काम करी. खुराच्या वर दात लावी आणि जमिनीला चिकटून पडे. लाथ येत नसे. मी पुन्हा दात लावी. धर्मा मला हाताने बाजूला करी आणि म्हणे, "ऱ्हाऊ दे, मोसू." पुढच्या म्हशीजवळ मी पुन्हा तेच करी, आणि तो पुन्हा तेच म्हणे.

वाडीतला एकेक गोठा रिकामा झाला. धर्माच्या गोठ्यात फक्त एक वगार उरली. अजून न व्यालेली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. ती आजारी पडली होती, पण कशी कोण जाणे, उठली. वरच्या रानात सगळीकडे घारी आणि गिधाडे होती. वाडीत कोणी मोठ्याने बोलत नसे. ठमीसुद्धा म्हशींची नावे घेईनाशी झाली होती.

धर्मा मुंबईला निघाला. तिथे म्हशींचे मोठे तबेले होते आणि धार काढणारा हात हवा असे. ठमी त्याला पोचवायला दिघीपर्यंत आली. तो तरीतून, म्हणजे उतारूंच्या होडीतून, खाडीपलीकडे आगरदांड्याला जाणार होता आणि तिथून आगबोटीवर. जाताना तो म्हणाला, "वगारीला सांभाळ." ती म्हणाली, "व्हय." मी त्याच्या पावलांचा वास घेत पाण्यापर्यंत गेलो. पुढे नुसता पाण्याचा वास होता.

त्याचा निरोप आला नाही. पावसाळा संपल्यावर मुंबईहून वाडीतलाच एक माणूस परत आला. तो नामाच्या अंगणात बसला आणि त्याने सांगितले की तबेल्यात तापाची साथ आली होती, धर्मा त्यात गेला, आणि तिथल्याच माणसांनी त्याचे सगळे केले. एवढे सांगून त्याने पाणी मागितले.

म्हातारी जनी जमिनीवर पडून रडली. नामा रडला. ठमी रडली नाही. ती आत गेली, पाण्याचा तांब्या भरला, त्या माणसाला आणून दिला, आणि चुलीजवळ जाऊन बसली. संध्याकाळ झाली तरी ती तिथेच होती. बायकांनी तिच्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसले. तिने हात पुढे केले, कपाळ पुढे केले.

"रड गो बाय," जनी तिला हलवून म्हणे. "मी आय असून रडत्ये. तू रड."

ठमी तिच्याकडे बघे. जणू म्हातारी काहीतरी दुसऱ्याच भाषेत बोलत होती.

मित्रांनो, त्या दिवसांत मी आणि ती सारखेच होतो. मला हाकायला काही उरले नव्हते. एका वगारीला हाकावे लागत नाही, ती आपली चरते आणि येते. मी वाटेवर जाऊन बसे आणि संध्याकाळी कोणी येत नाही म्हटल्यावर परत येई. कळप कमी होता, म्हणून मी उंबऱ्याशी बसत नसे. उभा राहून पाय भरून येत. पण ठमी आता माझ्याकडे बघत नव्हती. ती भिंतीला टेकून, पाय लांब करून बसे. पुढ्यात भाकरी ठेवली तर खाई. नाही ठेवली तर मागत नसे. अंगावर माशी बसली तर हाकलत नसे.

एका दुपारी मला ते बघवेना, असे म्हणता आले असते. पण खरे सांगायचे तर मला काही वाटून मी ते केले नाही. बसलेले जनावर उठवणे एवढेच मला येते. मी तिच्या लांब केलेल्या पायाशी गेलो आणि टाचेला दात लावला. हलकाच. मग जमिनीला चिकटून पडलो. तिने पाय ओढला नाही. मी पुन्हा दात लावला, थोडा जोरात. ती समोरच्या कुडाकडे बघत होती. तिसऱ्यांदा माझ्या तोंडात रक्ताची चव आली. तरी तो पाय तसाच होता.

जनी बाहेरून आली आणि तिने रक्त बघितले. तिच्या ओरडण्याने सारी वाडी गोळा झाली. ठमीने त्या सगळ्यांकडे बघितले आणि मग आपल्या पायाकडे बघितले. तो तिला नवीनच दिसत होता.

वाडीचा म्होरक्या रावजी काठी टेकत आला. तो वाईट माणूस नव्हता. त्याच्याही सगळ्या म्हशी गेल्या होत्या. रोग कुठून आला हे कोणी सांगू शकत नव्हते, आणि कोणीतरी सांगावे असे सगळ्यांनाच वाटत होते. तो म्हणाला, "मी पयल्यापास्नं म्हनत व्हतो. ही परमुलखातली अवदसा हाय. ह्यानं म्हशींना दात लावलं आन् म्हशी गेल्या. धर्मा गेला. आता मानसांना चावाय लागला. नामा, ह्याला मारून टाक."

नामाने ठमीकडे बघितले. "ठमे, काय करू?"

ठमी काही बोलली नाही. तिला विचारलेले तिला ऐकू आले की नाही, मला सांगता येणार नाही.

नामाने माझ्या गळ्यात दोरी घातली आणि मला खाली नेले. पण त्याने मला मारले नाही. तरीत घालून तो मला आगरदांड्याला घेऊन आला. धक्क्यावर सखुबाई नावाची कोळीण होती. ती मासळीही विकी आणि उतारूंना चहाही करून देई. नामाने माझी दोरी तिच्या खोपटाच्या मेढीला बांधली.

"माराया सांगितलंय ह्याला. हात उचलत न्हाय माजा," तो म्हणाला. "ठेव तुज्याकडं. पर वाडीत परत येऊ देऊ नको."

"आनि मी काय करू रं याचं?" सखुबाईने विचारले.

पण नामा तरीकडे गेला होता. त्याने मागे वळून बघितले नाही.

आगरदांड्याला माझे वाईट झाले नाही. खायला माशांची डोकी मिळत. सखुबाईच्या शेळ्या होत्या, त्या मी हाकी. तरी लागली की उतरणाऱ्या उतारूंभोवती मी फेऱ्या घाली आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत सगळ्यांना धक्क्यावर एके ठिकाणी धरून ठेवी. लोक हसत. "सखुबाय, तुजा मुकादम लय कडक हाय!" म्हणत. पोरे मला खाऊ देत. मी खाई. पलीकडे दिघीचा डोंगर दिसे. त्याकडे बघत मी तासन् तास झुरत बसे, असे मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते खरे नाही. मी डोंगराकडे बघत नसे.

थंडी सरत आली होती. एके दिवशी मी शेळ्यांमागे असताना सकाळच्या तरीतून नामा उतरला; हे मी पुढे सखुबाईच्या तोंडून ऐकले. त्याच्यामागून डोक्यावर बोचके घेऊन ठमी उतरली. ती वाळली होती. सखुबाईने नामाला ओळखले आणि विचारले, "ही कोन?"

"माजी भावजय. मुंबैला धाडतोय. पावन्यांचा तबेला हाय, शेन्या थापील. हितं बसून बसून ती मरायची."

"तिला जायाचं हाय?"

"ती कुटं काय बोलत्ये?" नामा म्हणाला.

आगबोट खाडीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली होती. उतारूंना तिथवर न्यायला पडाव धक्क्याला लागला. नामाने ठमीला मुंबईला जाणाऱ्या दोन बायकांच्या हवाली केले, सांभाळून न्या म्हणाला, आणि भरल्या डोळ्यांनी परतीच्या तरीकडे निघाला. मला वाटते, पडाव सुटताना बघायचे त्याच्या जिवावर आले होते. त्याची तरी गेलीसुद्धा. मी शेळ्यांकडून धावत आलो तेव्हा ठमी रांगेत उभी होती. पुढची बाई सरकली की ती सरकत होती. याच रांगेतून, याच पाण्याकडे धर्मा गेला असणार.

मी रांगेतून शिरलो आणि तिच्या पुढ्यात गेलो. दात लावायची मला भीती वाटली. त्यापायीच मी इथे आलो होतो. म्हणून मी तिच्या पायांसमोर आडवा पडलो. ती थांबली. एका बाजूने जाऊ लागली, मी त्या बाजूला पडलो. दुसऱ्या बाजूने जाऊ लागली, मी तिकडे पडलो. कळपातून एकटे फुटून निघालेले जनावर असेच फिरवायचे असते. मागचे लोक ओरडू लागले.

"ए बाई, चल की!"

"भरती उतरत्ये, चला, चला!"

पडावातला एक खलाशी हातात वल्हे घेऊन खाली उतरला. त्याने मला पायाने ढकलले. मी परत आलो. मग त्याने वल्हे उगारून माझ्या बरगड्यांत मारले. मी केकाटलो, लोळलो, आणि उठून पुन्हा तिच्या पुढ्यात पडलो, कारण ती अजून पाण्याकडेच तोंड करून होती. त्याने पुन्हा वल्हे उचलले.

"मारू नगा त्याला," ठमी म्हणाली.

आवाज घोगरा होता. किती तरी महिन्यांत तो वापरला गेला नव्हता.

"आं?" खलाशी म्हणाला.

"मारू नगा. आमचा हाय त्यो."

तिने डोक्यावरचे बोचके खाली ठेवले आणि माझ्याजवळ बसली. लोक तिला वळसा घालून पुढे गेले. त्या दोन बायकांनी पडावातून तिला हाका मारल्या, मग मारायच्या थांबल्या. पडाव गेला. धक्का रिकामा झाला. ठमी माझ्या बरगड्यांवर हात ठेवून बसली होती. हात थंड होता आणि जड होता. तिने मला कुरवाळले नाही. नुसता हात ठेवला.

सखुबाई चहा घेऊन आली आणि शेजारी बसली. "बाय, आता मला येक सांग. तुला जायाचं कुटं हाय?"

ठमीने उत्तर द्यायला इतका वेळ लावला की चहावर साय धरली.

"घरी," ती म्हणाली.

दुपारच्या तरीने आम्ही दिघीला आलो आणि डोंगर चढलो. माझी बरगडी दुखत होती, म्हणून ती मधे मधे थांबत होती. वाडीच्या तोंडाशी रावजी बसला होता. त्याने मला बघितले आणि तो उठून उभा राहिला.

"ठमे, ह्ये वाडीत न्हाय चालायचं."

"मंग मी वाडीभायेर ऱ्हात्ये," ठमी म्हणाली.

ती भांडली नाही. पूर्वीची ठमी असती तर साऱ्या डोंगराला ऐकू गेले असते. ती घरात गेली, वगारीचे दावे सोडले आणि वाडीखालच्या माळावर चालू लागली. वगारीमागून मी. नामा पळत आला आणि माळापर्यंत आमच्यामागून चालत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानेच बांबू आणि गवत आणून तिला खोप बांधून दिली. कालांतराने म्हातारी जनीही तिथेच राहायला आली.

मी परत आलो म्हणून ठमी बरी झाली, असे समजू नका. ती काम करी. झाडलोट करी, वगारीला चारी, मला भाकरी घाली. पण तिचे तोंड रिकाम्या घरासारखे होते. मी एका वगारीमागे चालत होतो आणि तीही तशीच कशाच्या तरी मागे चालत होती. एक पावसाळा असा गेला. दुसराही गेला. वगार मोठी झाली, गाभण राहिली आणि व्याली. रेडी झाली. वाडीतली माणसे बघायला आली. बुळकांडीनंतर त्या वाडीतले ते पहिले रेडकू होते. रावजी लांब उभा राहून बघत होता. मग जवळ आला, रेडीच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे न बघता परत गेला. त्यानंतर त्याने माझ्याबद्दल शब्द काढला नाही.

पुढे एका सकाळी ठमी धार काढायला बसली होती. म्हैस पहिलटकरीण, अंगाला हात लावला की बिथरणारी. चरवी निम्मी भरली होती. तेवढ्यात म्हशीने पाय उचलला आणि ठमी सवयीने ओरडली, "अवो, दावं धरा!"

धर्मा असताना ती अशीच हाक मारी आणि तो असेल तिथून धावत येई.

म्हशीची लाथ चरवीला लागली. दूध जमिनीवर पसरले. ठमी हात तसेच ठेवून बसून राहिली आणि अंगणाच्या वाटेकडे बघू लागली. वाटेने कोणी येत नव्हते. ते तिने नीट बघितले. मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला. मी म्हशींचे सगळे आवाज ऐकले आहेत, माणसांचेही ऐकले आहेत, पण तसला आवाज ऐकला नव्हता. ती दुधाच्या चिखलात आडवी झाली आणि रडली. ऊन डोक्यावर आले तरी रडत होती. जनी धावत आली, पण तिने ठमीला थोपटले नाही की गप्प हो म्हटले नाही. ती शेजारी बसली, तिचे डोके मांडीवर घेतले आणि म्हणाली, "हां, बाय. हां."

मला काय करावे ते कळेना. हाकण्यासारखे काही नव्हते. मी दोघींभोवती एक फेरी घातली आणि बसलो.

आता त्यालाही बरीच वर्षे झाली. माळावर पुन्हा कळप आहे. ठमी पुन्हा म्हशींशी भांडते. पूर्वीइतक्या मोठ्याने नाही, पण भांडते. वाडीतल्या एका पोरक्या कुत्रीला तिने माझ्या हाताखाली दिले आहे. तिचे पाय लांब आहेत, त्यामुळे ती लाथा फार खाते.

मित्रांनो, तुमच्या घरात, तुमच्या आळीत कधी एखादे माणूस गप्प होऊन बसले, तर त्याला काही वाटत नाही असे समजून त्याला उचलून दुसरीकडे ठेवू नका. त्याला विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर तिथेच बसून राहा. आणि कोणी परक्या मुलखातले, वेगळ्या घडणीचे जनावर तुमच्या दारी आले, तर त्याच्या आखूड पायांना हसा हवे तर, पण ते पाय तसे का आहेत हेही एकदा बघा. वाईट दिवस आले म्हणजे त्याचा दोष त्याच्या गळ्यात बांधू नका. मुक्या जनावराला नाही म्हणता येत नाही.

मला आता ऐकू येत नाही. दिसते तेही धुरकट दिसते. ठमीने हाका मारून बघितल्या आणि मग तिला उमगले. आता बोलवायचे असले की ती माझ्याजवळ येऊन जमिनीवर पाय आपटते. तो धक्का मातीतून माझ्या पोटाला कळतो. माझे पोट जमिनीच्या इतके जवळ आहे की त्याला चटकन कळते.

हा बघा, कळला. म्हशी सोडायची वेळ झाली आहे. मला उठले पाहिजे.